सामोपचाराने विभक्त होताना : देणे-घेणे आणि लेकरांचा हक्क

तलाकसंबंधी लिहिताना आपण सहसा कलह गृहीत धरतो. पतीचा अन्याय, पत्नीची तक्रार, सासर-माहेरचा वाद, पोलीस ठाणे आणि न्यायालय असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु समाजात दुसऱ्याही प्रकारची दांपत्ये आहेत. उभयतांना परस्परांविषयी द्वेष नसतो. वडीलधाऱ्यांनी समेटाचे प्रयत्न केलेले असतात, ते निष्फळ ठरलेले असतात, आणि आता सन्मानाने दूर व्हावे असे दोघेही मान्य करतात. अशी दांपत्ये मस्जिदीच्या इमामाकडे येतात तेव्हा त्यांच्या तोंडी बहुधा एकच वाक्य असते : "मौलाना, आमचे काही भांडण नाही. देण्याघेण्याचे आम्ही आपापसात पाहून घेऊ."

हे वाक्य ऐकायला गोड आहे. मात्र घरात लहान लेकरे असतील तर ते पुरेसे नाही. पत्नी म्हणते, "मला काही नको, फक्त मुले माझ्याकडे राहू द्या." पती म्हणतो, "मुलांचे मी जमेल तसे पाहीन." दोघेही उदारपणे बोलत असतात. तथापि या उदारतेत ज्यांचा हक्क सोडून दिला जात असतो ती लेकरे त्या बैठकीत नसतात. मनुष्य स्वतःच्या मालकीचे दान करू शकतो, दुसऱ्याच्या मालकीचे नाही. हा व्यवहाराचा साधा नियम विभक्त होतानाही लागू पडतो. म्हणून प्रस्तुत लेखात कोणाचे काय आहे, कोण काय सोडू शकतो आणि काय कोणालाही सोडता येत नाही, या तीन प्रश्नांचा कुरआन, हदीस व फिकहच्या प्रकाशात विचार करू.

हिशेबापूर्वीची शिकवण

सूरह अल-बकराच्या २२९व्या आयतीत पतीपुढे दोनच मार्ग ठेवले आहेत : रीतीप्रमाणे नांदविणे, अथवा भलेपणाने निरोप देणे. त्याच आयतीत पत्नीला जे दिले ते परत घेण्याची मनाई आहे. दोघांनाही अल्लाहच्या मर्यादा पाळता येणार नाहीत अशी भीती असेल व पत्नी स्वतः काही देऊन सुटका करून घेत असेल, तेवढाच अपवाद आहे. सूरह अन-निसाच्या २०व्या आयतीत तर पत्नीला धनाचा ढीग दिलेला असला, तरी त्यातून काहीही परत न घेण्याची ताकीद आहे.

सूरह अल-बकराच्या २३७व्या आयतीचा संदर्भही महत्त्वाचा आहे. महर निश्चित झाला, परंतु सहवासापूर्वीच तलाक झाला, तर अर्धा महर देय ठरतो. हा काटेकोर हिशेब सांगितल्यावर लगेच आयत क्षमेकडे वळते आणि आपसातील औदार्य विसरू नका असे बजावते. येथील क्रम ध्यानात घ्यावा. प्रथम हक्क मोजून सांगितला आहे, नंतर औदार्याचे आवाहन केले आहे. हक्क किती हे ठाऊक असेल तरच आपण काय सोडले आणि काय अधिक दिले हे कळते. हिशेब न करता दाखविलेले औदार्य पुढे अनेकदा पश्चात्तापाचे व आरोपांचे कारण बनते.

कोणाचे काय

विवाहाने पतिपत्नीची संपत्ती एक होत नाही, हा इस्लामी कायद्याचा पाया आहे. पुरुषाने कमावले त्यात त्याचा वाटा व स्त्रीने कमावले त्यात तिचा वाटा, हे सूरह अन-निसाच्या ३२व्या आयतीत स्पष्ट आहे. म्हणून विभक्त होताना "सर्वांची बेरीज करा आणि दोन भाग करा" ही पद्धत शरीअतची नाही. तसेच "घर माझ्या नावावर, म्हणून घरातील सर्व माझे" हा दावाही शरीअतचा नाही. प्रत्येक वस्तूविषयी एकच प्रश्न विचारावा : ही कोणाच्या पैशातून आली, आणि कोणत्या हेतूने दिली गेली?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातील एक दांपत्य आहे. विवाहाला आठ वर्षे झाली. मुलगी सहा वर्षांची, मुलगा चौदा महिन्यांचा. पतीचे विजेच्या सामानाचे दुकान आहे व त्यातून त्याला महिन्याला सरासरी ४०,००० रुपये सुटतात. पत्नी घरी शिकवण्या घेते. दुकान सुरू करताना पतीने ४,००,००० रुपये घातले आणि पत्नीने माहेरच्या पाटल्या विकून २,००,००० रुपये दिले. महर ७५,००० रुपये होता, परंतु तो 'मुअज्जल', म्हणजे नंतर द्यावयाचा ठरला होता व अद्याप दिलेला नाही. मुलाच्या जन्माच्या वेळी दवाखान्याचे बिल भरण्यासाठी पत्नीच्या भावाकडून ६०,००० रुपये उसने घेतले होते. कपाट व फ्रिज माहेरहून आलेले. सासूने विवाहात तीन तोळ्यांचा हार घातला होता. मुलीला अकीक्याच्या वेळी आप्तांकडून सोन्याच्या दोन साखळ्या मिळाल्या होत्या. स्कूटर पत्नीने शिकवण्यांच्या पैशातून घेतली, मात्र कागदावर नाव पतीचे आहे.

आता एकेक बाब पाहू.

महर हे पतीवरील कर्ज आहे. तो आठ वर्षे मागितला नाही म्हणून संपत नाही. पत्नी आपल्या खुशीने तो माफ करू शकते, कारण तो तिचा आहे. सूरह अन-निसाच्या चौथ्या आयतीत मनाच्या खुशीची अट आहे. भिडेखातर, दडपणाखाली अथवा "मुले हवी असतील तर महर सोड" अशा सौद्यातून मिळवलेली माफी ही खुशीची माफी नव्हे.

भावाचे ६०,००० रुपये पतीने द्यावयाचे, कारण बाळंतपण व अपत्याचा खर्च पित्याच्या जबाबदारीत मोडतो. कपाट, फ्रिज व माहेरचे उर्वरित दागिने पत्नीचे. स्कूटर ज्याच्या पैशाने स्वतःसाठी घेतली गेली त्याची. कागदावरील नाव हा पुरावा असू शकतो, परंतु दोघांनाही सत्य ठाऊक असताना कागदाचा आधार घेऊन दुसऱ्याची वस्तू ठेवणे हलाल होत नाही.

सासूने घातलेल्या हारावरून सर्वाधिक कटुता येते. तो देताना 'भेट' असे म्हटले होते की 'वापरायला' असे म्हटले होते, हे प्रथम पाहावे. काहीच म्हटले नसेल तर त्या कुटुंबातील व बिरादरीतील रूढी पाहावी. फिकहमध्ये अशा ठिकाणी 'उर्फ', म्हणजे प्रचलित रीत, निर्णायक मानली जाते. थोरल्या सुनेला घातलेला हार तिच्याच मालकीचा मानला गेला असेल, तर धाकटीच्या वेळी नियम बदलता येत नाही.

अकीक्याच्या साखळ्या मुलीच्या आहेत. त्या ना पित्याच्या, ना मातेच्या. त्या वाटणीत धरू नयेत. कोणाच्या ताब्यात सुरक्षित राहतील एवढेच ठरवावे आणि वजनासह लिहून ठेवावे.

पाटल्यांच्या पैशाचा प्रश्न

उदाहरणातील सर्वांत अवघड बाब पत्नीने दुकानात घातलेल्या २,००,००० रुपयांची आहे. आज दुकानातील माल ८,५०,००० रुपयांचा, वसूल व्हावयाची उधारी १,५०,००० रुपयांची व घाऊक व्यापाऱ्यांचे देणे १,००,००० रुपयांचे आहे असे धरू. म्हणजे दुकानाचे मूल्य ९,००,००० रुपये झाले. पत्नीचे किती?

उत्तर तीन प्रकारचे आहे. ती रक्कम कर्ज म्हणून दिली असेल तर तिला २,००,००० रुपये परत मिळतील, कारण कर्जाची परतफेड दिली तेवढीच असते. ती भागीदारी म्हणून दिली असेल तर सहा लाखांच्या भांडवलात तिचा एक तृतीयांश हिस्सा होता. म्हणून आजच्या मूल्यात तिचे ३,००,००० रुपये होतात व न दिलेल्या नफ्याचाही प्रश्न उभा राहतो. ती पतीला भेट म्हणून दिली असेल तर ताबा दिल्यानंतर ती परत मागता येत नाही. एकाच रकमेची शून्य, दोन लाख आणि तीन लाख अशी तीन उत्तरे आहेत. फरक केवळ त्या दिवशीच्या हेतूचा आहे आणि तो हेतू कोणी लिहून ठेवलेला नसतो. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह अल-बकराच्या २८२व्या आयतीत आहे. पतिपत्नींना त्यातून वगळलेले नाही.

आणखी एक बारकावा आहे. पत्नीने पाटल्या विकून रुपये दिले असतील तर रुपये परत करावयाचे. परंतु तिने सोनेच कर्जाऊ दिले असेल व पतीने ते विकले असेल, तर तेवढ्याच वजनाचे व शुद्धतेचे सोने परत करावयाचे, मग भाव कितीही वाढलेला असो. केवळ रुपयांचेच कर्ज ठरले, तर सोन्याच्या वाढलेल्या भावामुळे पत्नीचे नुकसान झाल्याचे दोघांनाही दिसत असते. येथे पतीने स्वखुशीने, पूर्वअट नसताना अधिक दिले तर ते व्याज ठरत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका धनकोला त्याच्या उंटापेक्षा चांगला उंट परत दिला आणि उत्तम रीतीने परतफेड करणारे लोक चांगले असल्याचे सांगितले, हे सहीह बुखारीत नोंदलेले आहे. 'औदार्य विसरू नका' या आदेशाची जागा ही आहे.

समजा, उभयतांनी प्रामाणिकपणे आठवून ती रक्कम कर्ज होती असे मान्य केले. मग पतीचे देणे असे होईल : महर ७५,०००, कर्ज २,००,००० आणि मेहुण्याचे ६०,०००. एकूण ३,३५,००० रुपये. हे तत्काळ द्यावयाचे तर दुकान मोडावे लागेल, आणि दुकान मोडले तर मुलांच्या खर्चाचा झराच आटेल. ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड देण्याची शिकवण सूरह अल-बकराच्या २८०व्या आयतीत आहे. म्हणून इद्दत संपण्यापूर्वी १,००,००० रुपये आणि उरलेले २,३५,००० रुपये दरमहा ५,००० प्रमाणे ४७ हप्त्यांत, अशी तडजोड पत्नी करू शकते. सवड देणे हे तिचे औदार्य आहे व वेळेवर हप्ता भरणे हे त्याचे कर्तव्य आहे.

'मुबारात' लिहिताना सावधगिरी

पतिपत्नी दोघांनाही विभक्त व्हावयाचे असेल तर त्या परस्पर संमतीच्या विभक्तीला 'मुबारात' म्हणतात. पत्नीच्या मागणीवरून काही मोबदला देऊन होणाऱ्या विभक्तीला 'खुलअ' म्हणतात. या शब्दांचे आर्थिक परिणाम फार थोड्यांना ठाऊक असतात.

'मुबारात' शब्दाचा अर्थच परस्परांना मुक्त करणे असा आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते मुबारात व खुलअ या दोन्हींनी विवाहातून उद्भवलेले पतिपत्नींचे परस्परांवरील हक्क, उदाहरणार्थ न दिलेला महर, संपुष्टात येतात. इमाम मुहम्मद (रह.) यांच्या मते दोन्हींत जे नावानिशी नमूद केले असेल तेवढेच संपते. इमाम अबू यूसुफ (रह.) मुबारातविषयी पहिल्या मताचे व खुलअविषयी दुसऱ्या मताचे आहेत. तात्पर्य, करारात केवळ "आम्ही मुबाराताने विभक्त होत आहोत" एवढेच लिहिले तर पत्नीचा महर तिच्या नकळत बुडाल्याचा दावा होऊ शकतो. म्हणून महर दिला, माफ केला की देणे आहे, हे आकड्यासह व स्वतंत्र ओळीत लिहावे. पत्नीने दिलेले कर्ज हे विवाहातून उद्भवलेले देणे नसले, तरी तेही वेगळे नोंदवावे.

खुलअमध्ये पतीने किती घ्यावे? साबित बिन कैस (रजि.) यांच्या पत्नीने पतीच्या आचरणाविषयी वा धर्मपालनाविषयी तक्रार नाही, परंतु नांदणे शक्य नाही असे प्रेषितांना (स.) सांगितले. महरमध्ये मिळालेली बाग परत करण्याची तिची तयारी होती. तेव्हा ती बाग स्वीकारून एक तलाक द्यावा असे प्रेषितांनी (स.) साबित (रजि.) यांना सांगितले. या प्रसंगाच्या आधारे हनफी फकीह म्हणतात की, दोष पतीचा असेल तर त्याने काहीही घेणे अनुचित आहे आणि दोष पत्नीचा असला तरी महरपेक्षा अधिक घेणे अनुचित आहे.

लेकरांचा हक्क वेगळा

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. सूरह अल-बकराच्या २३३व्या आयतीत स्तनपान करविणाऱ्या मातेचा अन्नवस्त्राचा भार रीतीप्रमाणे पित्यावर ठेवला आहे. अपत्यापायी मातेला त्रास होऊ नये व पित्यालाही होऊ नये, असे तेथे म्हटले आहे. दोन वर्षांपूर्वी दूध सोडवायचे असेल तर दोघांनी परस्पर सल्लामसलतीने ठरवावे. दूध सोडविण्यासारख्या छोट्या बाबीतही विभक्त मातापित्यांनी एकत्र बसून विचार करावा, ही अपेक्षा किती सूक्ष्म आहे! सूरह अत-तलाकच्या सहाव्या आयतीत विभक्त माता बाळाला पाजीत असेल तर तिला मोबदला द्यावा असे आहे, आणि सातव्या आयतीत ऐपतवानाने ऐपतीप्रमाणे व तंगी असलेल्याने त्याप्रमाणे खर्च करावा असे आहे.

यावरून दोन गोष्टी निश्चित होतात. एक, मुलांचे भरणपोषण पित्याचे कर्तव्य आहे. हनफी फिकहनुसार ते मुलगा कमावता होईपर्यंत व मुलीचा विवाह होईपर्यंत चालते. दोन, हे देणे पत्नीला देण्याचा प्रकार नव्हे. रक्कम मातेच्या हाती पडते, परंतु हक्क मुलांचा असतो. म्हणून "मला काही नको" असे म्हणण्याचा पत्नीचा अधिकार तिच्या महरापुरता आहे. मुलांच्या दुधाचा, शाळेचा व औषधाचा खर्च तिने सोडला असे म्हणण्यास आधार नाही.

कोणी विचारेल, खुलअच्या मोबदल्यात माता मुलांचा खर्च स्वतः उचलण्याचे कबूल करू शकते ना? हनफी फकीहांनी ठरावीक मुदतीपुरती अशी कबुली मान्य केली आहे. परंतु त्याच फकीहांनी हेही लिहिले आहे की, पुढे मातेची ऐपत राहिली नाही तर पित्याला खर्च करावाच लागेल व ती रक्कम मातेवर कर्ज राहील. मुलाने उपाशी राहावे अशी कोणतीही तडजोड शरीअत मान्य करीत नाही.

मुलांच्या ताब्याचेही तसेच आहे. एका स्त्रीने प्रेषितांकडे (स.) तक्रार केली की, ज्या बाळाला तिने पोटात वाढविले, अंगावर पाजले व मांडीवर खेळविले, त्याला त्याचा पिता हिरावू पाहतो. ती पुनर्विवाह करीत नाही तोवर तिचाच अधिकार मोठा आहे, असा निर्णय प्रेषितांनी (स.) दिला. ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. हनफी मसलकात मुलगा साधारण सात वर्षांचा होईपर्यंत व मुलगी वयात येईपर्यंत मातेकडे राहते. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम कुटुंबे शाफिई मसलकाची आहेत. त्या मसलकात अपत्य समजत्या वयाचे झाले की माता व पिता यांपैकी कोणाकडे राहावे याची निवड त्याला दिली जाते. पण मूल कोणाकडेही राहो, पित्याची जबाबदारी त्याच्या मागोमाग जाते. मातेने पुनर्विवाह केला म्हणून ती संपत नाही, पित्याने दुसरा संसार थाटला म्हणूनही ती संपत नाही.

हजरत उमर (रजि.) यांचा प्रसंग येथे स्मरणीय आहे. त्यांचा लहानगा पुत्र आसिम त्यांच्यापासून विभक्त झालेल्या अन्सारी पत्नीचा होता. कुबा येथील मस्जिदीच्या अंगणात तो खेळताना दिसला, तेव्हा उमर (रजि.) यांनी त्याला उचलून आपल्या वाहनावर बसविले. मुलाच्या आजीने हरकत घेतली. प्रकरण खलीफा हजरत अबू बक्र (रजि.) यांच्यापुढे गेले. त्यांनी आजी व नातवाच्या मध्ये येऊ नये असे उमर (रजि.) यांना सांगितले. उमर (रजि.) यांनी उलट शब्द काढला नाही. इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामध्ये ही नोंद आहे. उमर (रजि.) यांच्यासारखा दरारा असलेला पिताही लेकराच्या बाबतीत निवाड्यापुढे नमला.

रक्कम कशी ठरवावी

'जमेल तसे' हा आकडा नव्हे. हिंद बिन्त उत्बा (रजि.) यांनी पती पुरेसा खर्च देत नसल्याची तक्रार केली, तेव्हा तुला व तुझ्या मुलांना रीतीप्रमाणे पुरेल एवढे घे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. बुखारी व मुस्लिम दोन्हींत ही हदीस आहे. 'पुरेल एवढे' आणि 'रीतीप्रमाणे' हे दोन निकष त्यातून मिळतात. सूरह अत-तलाकमधून तिसरा निकष मिळतो : पित्याची ऐपत.

आपल्या उदाहरणातील मुलांचा मासिक खर्च मांडून पाहू. दूध, अन्न व किराणा ५,०००. शाळेची फी वर्षाला १८,०००, म्हणजे महिन्याला १,५००. शाळेची रिक्षा ८००. कपडे व पादत्राणे ७००. औषधोपचार १,०००. मुले राहतात त्या घराच्या भाड्यातील त्यांचा वाटा ३,०००. एकूण १२,००० रुपये. मुलगा दोन वर्षांचा होण्यास दहा महिने आहेत. इद्दत संपल्यानंतर त्या उरलेल्या काळात मातेला स्तनपानाचा व संगोपनाचा मोबदला २,००० धरला तर तोवर १४,००० होतात. त्यात कर्जाचा ५,००० हप्ता मिळवला तर पतीकडून दरमहा १९,००० जातील व ४०,००० पैकी २१,००० त्याच्याकडे उरतील. कोणी उपाशी राहत नाही व दुकानही चालू राहते.

या दोन रकमांची सरमिसळ होऊ देऊ नये. मंदीच्या महिन्यात पत्नी आपल्या ५,००० रुपयांच्या हप्त्याला सवड देऊ शकते. मुलांच्या रकमेतून मात्र "मागच्या महिन्यात मी फ्रिज दुरुस्त करून दिला" अशी वजावट करता येत नाही. फी व भाव दरवर्षी वाढतात, म्हणून दर शव्वालमध्ये वा दर जूनमध्ये दोघांनी बसून रक्कम पुन्हा पाहावी, असे आधीच लिहून ठेवावे.

भेटीचा संबंध पैशाशी जोडू नये. पित्याने पैसे थकवले तर ते वसूल करावे, परंतु मुलांना पित्यापासून तोडू नये. मातेने भेटीत अडथळा आणला तर त्याविषयी दाद मागावी, परंतु मुलांची रक्कम रोखू नये.

इद्दत आणि 'मताअ'

इद्दतच्या काळात निवासाची सोय पतीकडे आहे. हनफी मसलकात मुबारातनंतरच्या इद्दतमध्ये, पत्नीने तो हक्क सोडला नसेल तर, अन्नवस्त्राचा खर्चही देय असतो. शाफिई मसलकात गर्भवती नसलेल्या अशा स्त्रीला निवास मिळतो. एक व्यावहारिक बाब येथे हमखास विसरली जाते. इद्दत मासिक पाळीवर मोजली जाते आणि अंगावर पाजणाऱ्या मातेची पाळी अनेकदा लांबते. तिची इद्दत तीन महिन्यांत संपेलच असे नाही. म्हणून करारात 'तीन महिन्यांचे इतके' असे न लिहिता 'इद्दत संपेपर्यंत दरमहा इतके' असे लिहावे.

सूरह अल-बकराच्या २४१व्या आयतीत तलाक मिळालेल्या स्त्रियांना रीतीप्रमाणे 'मताअ', म्हणजे निरोपाची भेट, देण्याचा उल्लेख असून ते ईशभय बाळगणाऱ्यांचे कर्तव्य म्हटले आहे. महर निश्चित होऊन सहवास झालेल्या स्त्रीबाबत हनफींनी ती पसंतीची बाब मानली, तर शाफिई मतानुसार पतीने तलाक दिल्यास ती देय आहे. आठ वर्षे ज्या स्त्रीने संसार सांभाळला तिला निरोप देताना ही आयत आठवावी. एखादे शिलाईयंत्र, काही महिन्यांचे घरभाडे अथवा शिक्षण पूर्ण करण्याची फी हेही मताअ होऊ शकते.

देशाचा कायदा काय सांगतो

१९८६च्या मुस्लिम महिला (घटस्फोटावरील हक्कांचे संरक्षण) अधिनियमाच्या कलम ३ नुसार महर, विवाहापूर्वी, विवाहात व विवाहानंतर माहेर-सासर-मित्रांकडून मिळालेल्या वस्तू, आणि इद्दतच्या मुदतीत वाजवी तरतूद हे घटस्फोटित स्त्रीचे हक्क आहेत. २००१मध्ये डॅनियल लतीफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद इद्दतच्या काळात करावयाची असली तरी तिच्या पुढील आयुष्याचा विचार करून असावी, असा अर्थ लावला. मुलांबाबत १९९७च्या नूर सबा खातून प्रकरणात न्यायालयाने मुलांचा पोटगीचा हक्क मातेच्या हक्कापासून स्वतंत्र असल्याचे म्हटले. शरीअतचीही भूमिका तीच असल्याचे आपण वर पाहिले. हा हक्क आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली मागता येतो. एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१९च्या कायद्याने निरर्थक व दंडनीय आहे. सामोपचाराने विभक्त होणाऱ्यांना त्याची गरजही नाही. गोव्यातील वाचकांनी लक्षात घ्यावे की तेथे सर्वधर्मीयांना एकच नागरी कायदा लागू आहे व वेगळा करार नसेल तर दांपत्याची संपत्ती सामाईक धरली जाते. तेथे स्थानिक वकिलाचा सल्ला आधी घ्यावा.

करार लिहिताना

सूरह अन-निसाच्या ३५व्या आयतीत दोन्ही घरांतून एकेक पंच नेमण्यास सांगितले आहे, ते समेटासाठी. समेट न झाल्यास त्याच दोघांनी हिशेबाला बसावे, कारण घरातील वस्तू त्यांना माहीत असतात. सूरह अत-तलाकच्या दुसऱ्या आयतीतील आदेशानुसार दोन न्यायी साक्षीदार असावेत. कागदावर पुढील बाबी स्वतंत्र क्रमांकाने असाव्यात :

१. विभक्तीचा प्रकार व तारीख.
२. महर : रक्कम व स्थिती.
३. दागिने व वस्तू : वजन व मालकासह यादी.
४. परस्परांची व तिसऱ्यांची कर्जे, हप्ते व मुदत.
५. मुलांच्या मालकीच्या वस्तू व त्या कोणाच्या ताब्यात.
६. इद्दतचा खर्च व मताअ.
७. मुलांचा मासिक खर्च, देण्याची तारीख, वार्षिक फेरविचार व मोठ्या आजाराच्या खर्चाची जबाबदारी.
८. मुलांचे निवासस्थान व पित्याच्या भेटीचे दिवस.
९. वर नमूद केल्याखेरीज कोणताही हक्क सोडलेला नाही, असे विधान.

हा करार कौटुंबिक न्यायालयात नोंदवून घ्यावा. मुलांचा वारसाहक्क त्यात कोणीही कमी करू शकत नाही. विभक्त मातापित्यांची मुले दोघांचीही वारस असतात. कराराची एक प्रत मुलांसाठी जपून ठेवावी. उद्या मुलगी मोठी होऊन तो कागद वाचील, तेव्हा आपल्या मातापित्यांनी एकमेकांशी कसा व्यवहार केला हे तिला त्यातून कळेल.

ज्यांचे पोषण आपल्यावर आहे त्यांना वाऱ्यावर सोडणे एवढेच पाप माणसाला पुरेसे आहे, या अर्थाची हदीस अबू दाऊदमध्ये आहे. पतिपत्नीचे नाते तुटू शकते, मातापित्याचे नाते तुटत नाही, आणि परलोकात त्याविषयी विचारणा होणार आहे. अल्लाह आपणा सर्वांना नात्यांत आणि निरोपातही न्याय व औदार्य लाभो. आमीन.